बाप्तिस्म्याच्या वहीतलं पान

सेंट ऑसवल्ड पॅरिश, व्हर्जिनिया
३ सप्टेंबर १७५५

प्रिय जार्विस,

तू विल्यम्सबर्गला वकिलाच्या कचेरीत कारकून आहेस, म्हणून तुलाच विचारते. चर्चची किल्ली कायद्यानं कोणाची असते?

माझे यजमान हॉर्नबी गेल्यापासून सहा वर्षं मी हे चर्च झाडते, घंटा वाजवते, दार उघडते आणि लावते. किल्ली कोणाची हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता ती ॲप्रनच्या खिशात अशी जड लागते की चालताना माझा एक खांदा खाली जातो.

म्हातारे पाद्री वारल्यावर दोन हिवाळे चर्चचा कारभार बघणाऱ्या आपल्या पंचांनी पाद्रीशिवायच काढले, हे तुला ठाऊक आहेच. एप्रिलमध्ये गव्हर्नरनं हे नवे पाद्री हॅसलॉक पाठवले, बिशपचं पत्र देऊन. उंच, हाडकुळा, इंग्लंडातून थेट आलेला माणूस. पंचांनी त्यांना सांगितलं, "आमच्याकडे रीत अशी की पाद्री एका वर्षाच्या बोलीवर ठेवायचा. पटलं तर पुढचं वर्ष." हॅसलॉक म्हणाले, "मी कापणीचा मजूर नाही. मला बिशपनं नेमलंय, तुमच्या मर्जीनं नाही." पंचांचे मुख्य कर्नल रॅडनॉर हसले. "मर्जी लागेल, पाद्रीबुवा. इथं सगळ्यांनाच लागते."

गेल्या महिन्यात हॅसलॉकनी गर्वावर प्रवचन केलं. सबंध वेळ पहिल्या बाकाकडे बघून. कर्नल मधेच उठले, मागोमाग त्यांची बायको आणि मुलगा लायनेल. दगडी फरशीवर बुटांचा आवाज दारापर्यंत गेला, आणि पाद्री तो आवाज थांबेपर्यंत गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "आता पुढचं ऐका."

सोमवारी कर्नल घोड्यावरून माझ्या दाराशी आले. खाली उतरले नाहीत. "टॅबिथा, चर्चला कुलूप घाल आणि किल्ली मला आणून दे." ते गेले नाहीत तोच हॅसलॉक आले. "मिसेस हॉर्नबी, रविवारी दार उघडं पाहिजे. देवाच्या घराला कुलूप घालायचा अधिकार कोणालाही नाही."

कुलूप लोहाराकडे दुरुस्तीला दिलंय अशी मी कर्नलना थाप मारली. ती पंधरा-वीस दिवस पुरेल. मी राहते ती खोली पंचांची, आणि पंच म्हणजे कर्नल. एवढ्याशा प्रवचनावरून एवढं का पेटावं, मला कळत नाही. लवकर लिही.

तुझी ताई,
टॅबिथा

*

विल्यम्सबर्ग
१४ सप्टेंबर १७५५

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मला राग आला, आणि खरं सांगू, थोडा अभिमानही वाटला. आपली सेंट ऑसवल्डची माणसं ताठ उभी राहिली म्हणून.

तू याला प्रवचनाचं भांडण समजतेस. ते तसं नाही. ज्या चर्चच्या विटा आपल्या बापजाद्यांनी भाजल्या, तिथं आपल्याला कोणी उपदेश करायचा हे समुद्रापलीकडचा बिशप ठरवणार? त्यानं आपली नदी तरी पाहिली आहे का? आज पाद्री लादतील, उद्या आणखी काही लादतील. इथं राजधानीत तरुण मंडळी हेच बोलत असतात. कर्नल रॅडनॉर गर्विष्ठ असतील, पण या बाबतीत ते आपल्या सगळ्यांसाठी लढताहेत.

किल्लीबद्दल मी एका जाणत्या माणसाला विचारलं. इमारतीची देखभाल पंचांकडे, तेव्हा किल्लीही त्यांचीच. तू निर्धास्तपणे देऊन टाक. तुझी खोली आणि काम जाता कामा नये, मला त्याची जास्त काळजी.

एक मात्र कर. तिथं जे घडेल ते सविस्तर लिहीत जा. कोण काय बोललं, कोणत्या दिवशी, कोणासमोर. मला उत्सुकता आहे.

तुझा,
जार्विस

*

सेंट ऑसवल्ड
१ ऑक्टोबर १७५५

प्रिय जार्विस,

किल्ली दिली. कर्नलनी ती हातात घेतली आणि म्हणाले, "लोहारानं काम चांगलं केलंय. कुलूप अगदी होतं तसंच दिसतंय." माझे कान तापले.

रविवारी सकाळी दारावर दोन फळ्या आडव्या ठोकलेल्या. कर्नलचा मुकादम ब्रॉडी हातोडा मांडीवर ठेवून पायरीवरच बसला होता. हॅसलॉक पांढरा झगा घालूनच आले. त्यांच्या मागं जेमतेम तीस माणसं. होडीवाले, जॉप सुतार, दोन विधवा, आणि मागं हात बांधून उभे असलेले थोडे गुलाम. पंच मंडळी रस्त्यापलीकडे घोड्यांवरच होती, तमाशा बघायला आल्यासारखी.

"बाजूला हो," पाद्री म्हणाले.

"मला इथं बसायला सांगितलंय, साहेब," ब्रॉडी म्हणाला.

"मग बस. प्रार्थना बसूनही करता येते."

रस्त्यापलीकडून कोणीतरी हसलं, पण कर्नल नाही. पाद्रींनी ब्रॉडीच्या डोक्यावरून सगळी उपासना म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत. मधे पावसाची सर आली. पुस्तक भिजलं तर पाठ म्हणाले. ब्रॉडीनं कधीतरी टोपी काढली. आपण टोपी काढलीय हे लक्षात आल्यावर त्यानं ती घाईनं परत घातली. त्याच आठवड्यात पाद्रींच्या मळ्यात कोणीतरी डुकरं सोडली आणि ती हिवाळ्याची सगळी बेगमी उकरून गेली.

तू म्हणतोस तसं ते आपल्यावर लादलेले असतील. माणूस म्हणून ते मला आवडतही नाहीत. कोणाची विचारपूस करायची म्हणजे हिशेब तपासल्यासारखी करतात. पण त्या पावसात ते हलले नाहीत, जार्विस.

आणखी एक. तुझ्यापुरतंच ठेव. बाप्तिस्म्याची वही चर्चमध्ये नाही. ऑगस्टच्या अखेरीस छप्पर गळत होतं तेव्हा ती मी घरी आणली होती, पिठाच्या पेटीत खाली. कर्नलची माणसं चर्चमध्ये ती शोधताहेत. पाद्रीही मला दोनदा विचारून गेले. मी दोघांनाही माहीत नाही म्हटलं.

कर्नलच्या घरची गुलाम धोबीण सबीना गेले दहा दिवस घाटावर दिसली नाही. विचारलं तर बाकीच्या बायका खाली बघून कपडे आपटत राहतात.

तुझी,
टॅबिथा

*

विल्यम्सबर्ग
१० ऑक्टोबर १७५५

प्रिय ताई,

ती वही तुझ्याकडे असणं धोक्याचं आहे. वही पॅरिशची, म्हणजे पंचांची. ती दडवून ठेवली म्हणून तुझ्यावर खटला होऊ शकतो. गुरुवारी कर्नलचा माणूस येईल, त्याच्याकडे मुकाट्यानं दे. तो आरडाओरडा करणार नाही. तुझ्या खोलीला कोणी हात लावणार नाही, असं मी ऐकलंय.

वहीत एवढं काय आहे? तुला माहीत असेल तर मला लिही. दुसऱ्या कोणालाही सांगू नकोस.

घाईत,
जार्विस

*

सेंट ऑसवल्ड
१७ ऑक्टोबर १७५५

जार्विस,

गुरुवारी ब्रॉडी आला. आरडाओरडा केला नाही. घरात शिरला, इकडं तिकडं पाहिलंही नाही, थेट पिठाच्या पेटीपाशी गेला, कोपरापर्यंत हात घातला आणि वही काढली. जाताना म्हणाला, "पीठ सांडलं, बाई. माफ करा."

पिठाची पेटी मी फक्त तुला लिहिली होती.

कर्नलचा माणूस गुरुवारी येणार हे विल्यम्सबर्गला बसून तुला कसं कळलं? तो तुझा 'जाणता माणूस' कोण? मी सहा महिन्यांच्या तुला कडेवर घेऊन आईच्या मागं कणसं गोळा करत फिरलेय. मला नाव सांग.

वहीत काय आहे विचारतोस ना? आता ते वहीत नाही. तुझं पत्र मंगळवारीच आलं. 'गुरुवारी' हा शब्द मी तीनदा वाचला आणि सुरी घेऊन ते पान शिवणीपाशी कापून घेतलं. ते माझ्याकडे आहे. या खेपेला जागा सांगणार नाही.

हवं तर हेही कर्नलना दाखव, तुला सांगतेच.

मेमध्ये सबीना बाळंत झाली तेव्हा सुईण आजारी होती, म्हणून मला बोलावलं. दीड दिवस अडली होती. शेवटी शेवटी ती शुद्धीत नव्हती, आणि तेव्हा तिच्या तोंडून बापाचं नाव गेलं. लायनेल रॅडनॉर. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मुलगी झाली. सबीनाला एकच हवं होतं, मुलीचं नाव चर्चच्या पुस्तकात लिहिलं जावं. लिडिया. कर्नलनी बाप्तिस्म्याला होकार दिला, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

जुलैत बाप्तिस्मा झाला. नंतर आतल्या खोलीत हॅसलॉक वही लिहीत होते, मी पाणी भरलेलं भांडं पुसत होते. गुलामांच्या पोरांच्या नोंदीत बापाची जागा कोरीच सोडतात. त्यांनीही सोडली असती. पण खिडकीबाहेर लायनेल दोन मित्रांबरोबर उभा होता, आणि सबीनाला पायरीवर पाहून त्यानं असं काही म्हटलं की तिघं पोट धरून हसले. ते काय होतं ते मी लिहिणार नाही. माझ्या तोंडून नाव निघून गेलं. पाद्रींनी मान वर केली. "हे खरं आहे? शपथेवर?" मी हो म्हटलं. त्यांनी लेखणी बुडवली आणि लिहून टाकलं. कोणाला विचारलं नाही. तिलाही नाही.

ऑगस्टमध्ये कर्नलनी वही चाळली, हे मला पाद्री वहीची चौकशी करायला आले तेव्हा कळलं. ओळ खरवडून काढा म्हणाले. पाद्री म्हणाले, खरी नोंद खोडायची नसते. पुढच्याच रविवारी ते गर्वावरचं प्रवचन झालं. म्हणजे बिशप, समुद्र आणि बापजाद्यांच्या विटा नंतर आल्या, जार्विस. आधी ती ओळ होती.

सबीना कुठं आहे ते कळलं. नदीच्या वरच्या अंगाला कर्नलच्या दुसऱ्या शेतावर कोंडून ठेवलीय. कॅरोलिनाचा गुलामांचा दलाल आला की विकणार. पाच महिन्यांची पोर इथं म्हाताऱ्या आयाकडे, दुसऱ्या बाईचं दूध पिते. पाद्रींनी एक ओळ लिहिली, मी एक नाव सांगितलं, तू एक पत्र दाखवलंस, आणि आपण तिघंही आपापल्या घरात आहोत.

टॅबिथा

*

विल्यम्सबर्ग
२७ ऑक्टोबर १७५५

प्रिय ताई,

तीन वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहितो.

माझे मालक क्रेन वकील हे कर्नल रॅडनॉरचे वकील आहेत. चर्च बंद केल्याबद्दल पाद्रींनी कर्नलवर फिर्याद केलीय, आणि ती आमच्याच कचेरीत आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी कौतुकानं ते मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुझी बहीण? मग तिला लिहायला सांग." या हिवाळ्यात ते मला वकिलीच्या परीक्षेला बसवणार आहेत. एवढंच कारण. याहून मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

ते हक्काचं वगैरे लिहिलं ते मी मनापासून लिहिलं होतं. ते खोटं आहे असं अजूनही मला वाटत नाही. पण कशाच्या आड उभं राहून ते बोललं जातंय हे मला ठाऊक नव्हतं. आणि मी विचारलंही नाही.

तुझं शेवटचं पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही. जाळलंय. आता मालकाविरुद्ध तुला एक गोष्ट सांगतो. वहीत पान कापलेलं आहे हे कचेरीत कळलंय, आणि सगळे घाबरलेत. ते पाद्रींकडे आहे अशी त्यांची समजूत आहे. पान कोर्टात आलं तर चर्च का बंद केलं याचं खरं कारण न्यायाधीशांसमोर येईल आणि पाद्री जिंकतील. शिवाय लायनेलचं लग्न रिचमंड काउंटीतल्या बड्या घरी ठरतंय, ते मोडेल. कर्नल या पानासाठी वाटेल ते द्यायला तयार आहेत.

त्या पानानं पोर सुटणार नाही. आईच्या पायातली बेडी पोराच्या पायात, हा इथला कायदा तुला माहीत आहे. तू काय करावंस हे सांगायचा अधिकार मला उरलेला नाही. अठरा नोव्हेंबरला सुनावणी आहे. तुला साक्षीला बोलावतील, आणि मी मालकांचे कागद घेऊन तिथंच असेन.

जार्विस

*

सेंट ऑसवल्ड
२४ नोव्हेंबर १७५५

प्रिय जार्विस,

आपण एका खोलीत चार तास होतो आणि एक शब्द बोललो नाही. म्हणून लिहिते.

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी मी हॅसलॉककडे गेले आणि पान माझ्याकडे आहे असं सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली. थंडीनं बोटं फुटली होती बिचाऱ्यांची. "मिसेस हॉर्नबी," ते म्हणाले, "या कॉलनीत यापुढं कोणी पाद्रीला दारातून हाकलणार नाही. एका पानानं होईल हे."

मी म्हटलं, "आणि सबीनाचं?"

"तिच्यावर झालेला अन्याय जगासमोर येईल."

"जगासमोर येईल तेव्हा ती कॅरोलिनात असेल. पोर इथं."

त्यांनी फुटलेली बोटं एकमेकांवर चोळली. मग म्हणाले, "मी खोटं लिहायला हवं होतं का?"

"नाही. पण लिहायच्या आधी एकदा दार उघडून तिला विचारता आलं असतं. ती बाहेर पायरीवरच बसली होती. मलाही आलं असतं. मी तिथंच होते."

"पान मला द्या," ते म्हणाले. विनंतीनं म्हणाले, हुकुमानं नाही. मी नाही दिलं.

तिथून मी कर्नलकडे गेले. दिवाणखान्यात त्यांची बायको खिडकीशी भरतकाम करत बसली होती. कर्नलनी तिला आत जायला सांगितलं, ती गेली नाही. मी उभ्यानंच सांगितलं, "पान माझ्याकडे आहे. सबीना परत आली पाहिजे. मुलगी तिच्याजवळ, एका छपराखाली. दोघींना कधी वेगळं करणार नाही आणि या काउंटीबाहेर विकणार नाही, असं कागदावर सही करून हवं. ती आलेली मी डोळ्यांनी पाहीन, मग पान देईन."

"तू मला अटी घालतेस? माझ्या खोलीत राहून?"

"खोली आजच सोडते. अटी त्याच राहतील."

त्यांनी टेबलावर हात आपटला. त्यांना असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. चोर म्हणाले, आणखीही पुष्कळ. तेवढ्यात खिडकीपाशी सुई थांबली. मिसेस रॅडनॉर वर न बघता म्हणाल्या, "तिला काय हवं ते द्या. ते पोर माझ्या लायनेलसारखं हसतं. सगळं घर रोज बघतंय. कागद जाळला म्हणून मला दिसायचं थांबणार आहे का?"

कर्नलनी लिहिलं, सही केली, बायकोनं साक्ष घातली. मग म्हणाले, "माझीही एक अट. कोर्टात तू असं पान कधी पाहिलंच नाहीस."

चौथ्या दिवशी सबीना होडीतून उतरली. तिचं दूध आटलं होतं. पोरीनं तिला ओळखलं नाही, तोंड फिरवून रडायला लागली. तेही मी पाहिलं. मग पान दिलं, आणि कर्नलनी ते माझ्यासमोर शेकोटीत टाकलं.

पुढचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. हात बायबलवर होता माझा. क्रेन वकिलांनी विचारलं, "वहीत अशी काही नोंद तुम्ही पाहिली होती?" मी म्हटलं, "नाही, साहेब." हॅसलॉक उभे राहिले. मला वाटलं आता ते ओरडतील. मी त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, ते मला तिथंच खोटी ठरवू शकले असते. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले आणि खाली बसले. तू तर सगळंच जाणत होतास. तू कागदांची गाठ सोडलीस, पुन्हा बांधलीस आणि गप्प राहिलास. जार्विस, तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, पण त्या गप्प राहण्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. शपथ मोडल्याचं माझं मी बघेन. रोज बघते आहे.

पाद्री हरले. गव्हर्नरनं त्यांना दक्षिणेकडच्या कुठल्याशा पॅरिशमध्ये हलवलंय. धक्क्यावर त्यांना पोचवायला मी, जॉप सुतार आणि होडीवाले होतो. ब्रॉडी दुरून आला आणि न बोलता त्यांची पेटी होडीत चढवून गेला. पाद्री मला म्हणाले, "तुम्ही केलंत ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका," मी म्हटलं. "मीही म्हणत नाही."

फळ्या काढल्या. पंचांनी वर्षाच्या बोलीवर एक गोड बोलणारा पाद्री शोधलाय. काल कर्नल पहिल्या बाकावर होते. मी घंटा वाजवली. माझी खोली मला ठेवलीय, मिसेस रॅडनॉरनी सांगितलं म्हणून.

आज सकाळी मी घाटावर गेले. सबीना चादरी पिळत होती, पोर टोपलीत. मी सही केलेल्या कागदाबद्दल सांगितलं, तो माझ्याकडे आहे म्हटलं. ती पिळत राहिली. मग म्हणाली, "कळांमध्ये तोंडातून गेलं ते, बाई. तुम्हाला सांगितलं नव्हतं मी."

"माहीत आहे."

"लिहिलंत तेव्हा मला विचारलं नाही. जाळलंत तेव्हाही नाही. उद्या कर्नल मेले तर तो कागद कोण वाचणार आहे?"

मी जायला वळले तेव्हा तिनं पाठीमागून विचारलं, "तिचं नाव कसं दिसत होतं?"

"म्हणजे?"

"पानावर. मी पाहिलंच नाही. मला बाहेर बसवलं होतं."

कपडे उकळायच्या चुलीपाशी कोळसे पडले होते. मी एक उचलला आणि घाटाच्या फळीवर मोठ्या अक्षरांत 'लिडिया' लिहिलं. ती वाकून बघत राहिली. "पुन्हा," म्हणाली. मी त्याच्या खाली पुन्हा लिहिलं. तिनं ओले हात घागऱ्याला पुसले, माझ्या हातातून कोळसा घेतला आणि फळीवर गुडघे टेकून पहिलं अक्षर ओढलं. ते उलटं आलं. तिनं तळव्यानं पुसलं आणि पुन्हा सुरू केलं.

तुझी ताई,
टॅबिथा